गोल काळा करण्याआधी : प्रस्तावना

जवाहर नवोदय विद्यालयांमागची कल्पना तेलंगणातली आहे, आणि ती देशभर नेणाऱ्या माणसाला मराठी चांगले येत होते. १९७१ मध्ये, म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले त्याच वर्षी, तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल गावी एक निवासी शाळा सुरू झाली. खेड्यातली हुशार मुले निवडायची, त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय करायची, चांगले शिक्षक द्यायचे आणि आईबापांकडून फी घ्यायची नाही, एवढाच तिचा मामला होता. पुढे हेच राव आपल्या रामटेकमधून लोकसभेवर गेले आणि १९८५ मध्ये केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले. सर्वेलचा प्रयोग मग देशाचा झाला. पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली ती हरियाणात झज्जरला आणि विदर्भात अमरावतीला. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणाऱ्या या गृहस्थाला या योगायोगाची गंमत वाटली असेल की नाही कोण जाणे.

आज ही विद्यालये साडेसहाशेच्या वर आहेत आणि सहावीच्या प्रवेशासाठी दरवर्षी लाखो मुले एका परीक्षेला बसतात. कागदावर परीक्षा साधी दिसते. ऐंशी प्रश्न, दोन तास, शंभर गुण. त्यांतले चाळीस प्रश्न मानसिक क्षमतेचे, वीस अंकगणिताचे, वीस भाषेचे. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण आणि सरासरी दीड मिनिट. सवायकी-दिडकी पाठ असलेल्या आजोबांना हा हिशेब तोंडी जमेल, आणि त्यांनी तो नातवाला करून दाखवावा असे मला खरोखर वाटते, कारण अपूर्णांकाची भीती घालवायला त्या जुन्या पाढ्यांइतके स्वस्त औषध नाही.

मानसिक क्षमतेच्या त्या चाळीस प्रश्नांत सूचना सोडल्या तर शब्द नसतात. नुसत्या आकृत्या असतात. वेगळी आकृती ओळखा, क्रम पुढे न्या, आरशात कशी दिसेल सांगा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडला तर भोके कुठे येतील दाखवा. यामागचा हेतू चांगला होता. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, ज्याच्या गावातल्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, त्याला शहरातल्या मुलाच्या बरोबरीने उभे राहता यावे म्हणून शब्दांचा अडसर काढला. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी ठेवल्या, एक तृतीयांश मुलींसाठी. पण कोणत्याही परीक्षेचा साचा ठरला की साच्याची शिकवणी निघते. शिकवणीची गरज पडू नये म्हणून ज्या आकृत्या आणल्या, त्याच आकृत्यांची जाडजूड गाइडे आज हैदराबादेतल्या कोठी भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रचून ठेवलेली दिसतात.

हैदराबादला या गोष्टीचे नवल नाही. नल्लकुंट्यात चुक्का रामय्या यांच्या आयआयटीच्या वर्गात प्रवेश मिळवायचा तर त्याचीच एक प्रवेश परीक्षा द्यावी लागे, आणि त्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारे आणखी वर्ग शहरात चालत. आता तीच रीत खाली उतरत सहावीपर्यंत आली आहे. शाळेच्या फाटकावर ‘टेक्नो’ किंवा ‘कॉन्सेप्ट’ लिहिलेले असते, ‘आयआयटी फाउंडेशन’चा तास वेळापत्रकात असतो, आठवड्याला स्लिप टेस्ट असते, आणि मुलगी घरी येऊन आज किती ‘बिट्स’ केल्या ते सांगते. कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये राहणारे संगणक क्षेत्रातले जोडपे असो, नांदेड-उदगीरकडून बांधकामावर आलेले कुटुंब असो, नाहीतर गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेल्या विटा-आटपाडीकडच्या लोकांपैकी कोणी असो, शेजारची मुले करतात ते आपल्याने केले नाही तर काय, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडतो. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिले आहे. लिहिणाऱ्या शिक्षिकांनी मला हस्तलिखित वाचायला दिले तेव्हा मी एकच गोष्ट शोधत होतो: परीक्षेच्या तयारीत आईबापांचे काम कुठे संपते, हे त्यांनी सांगितले आहे का. बहुतेक ठिकाणी सांगितले आहे. एका ठिकाणी नाही, त्याबद्दल पुढे.

आधी भाषेबद्दल, कारण हैदराबादच्या मराठी घरात परीक्षेचा पहिला पेच तोच आहे आणि तो जुना आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे. परभणीचा, बीडचा, नांदेडचा मुलगा घरी मराठी बोलायचा आणि इतिहास, गणित, विज्ञान उर्दूत लिहायचा. त्याआधी, १९०७ मध्ये, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी इथे विवेक वर्धिनी काढली, त्यामागे आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे ही तळमळ होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाले आणि इथे राहिलेल्या मराठी कुटुंबांची मुले हळूहळू इंग्रजी शाळांत गेली. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या सर्व शाळांत तेलुगू शिकणे सक्तीचे झाले. म्हणजे आजचे दहा वर्षांचे मराठी मूल घरी मराठी, वर्गात इंग्रजी, तासाला तेलुगू आणि गल्लीत दखनी हिंदी अशा चार भाषांत वावरते. मला यात दुःख करण्यासारखे काही दिसत नाही. पण प्रश्नपत्रिका एका वेळी एकाच भाषेत सोडवायची असते.

म्हणून कोणती परीक्षा आणि कोणत्या भाषेत, हे ठरवणे हीच अर्धी तयारी. राज्याच्या गुरुकुल शाळांत पाचवीला प्रवेश देणारी परीक्षा शंभर गुणांची असते आणि त्यांतले वीस गुण तेलुगूचे. दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून आलेल्या मुलाला तिथे बसवायचे तर ते वीस गुण आधी मोजून घ्यावेत. नवोदयच्या परीक्षेच्या भाषांत मराठी आहे. कोणत्या राज्यात कोणत्या भाषा मिळतात त्याची यादी माहितीपत्रकात असते, ती अर्ज भरण्याआधी पाहावी. मात्र मराठी आहे म्हणून मराठीच घ्यायची, असे करू नये. जे मूल पहिलीपासून इंग्रजीत गणित करत आले त्याला लसावि-मसावि, सरळव्याज, परिमिती हे शब्द परीक्षेच्या दिवशी परके वाटतात. त्याला समजावून सांगा मराठीत, सोडवू द्या त्याच्या शाळेच्या भाषेत. अभिमान घरात दाखवायला भरपूर जागा आहे. प्रश्नपत्रिका त्याची जागा नव्हे.

दुसरे, राहण्याच्या ठिकाणाचे. नवोदयला मूल ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकते त्याच जिल्ह्यातून बसता येते आणि आयुष्यात एकदाच बसता येते. ग्रामीण जागा हवी तर तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते. हैदराबादेत मजुरी करणाऱ्या कितीतरी कुटुंबांत धाकटे मूल आजी-आजोबांकडे गावी असते. त्या मुलाला इकडे आणायचे की तिकडेच ठेवायचे, हा निर्णय पाचवीत नव्हे, दुसरी संपताना घ्यावा लागतो, आणि तो केवळ परीक्षेसाठी घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण आईबापांना नियम माहीत नसल्यामुळे तो आपोआप घेतला जाऊ नये. या पुस्तकातले नियमांचे प्रकरण रूक्ष आहे. तरी सर्वांत आधी वाचावे ते हेच.

आता खरी तयारी. परीक्षा मुलाची बुद्धी मोजते असे समजून आपण घाबरतो, म्हणून थोडे मागे जाऊ. बुद्धिमापनाची पहिली वापरण्याजोगी चाचणी आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमोन यांच्याबरोबर १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागते ते शोधायला ती होती, मुलांना गाळायला नव्हे. मिळालेला आकडा म्हणजे मुलाची कायमची किंमत, हे बिनेंना मुळीच मान्य नव्हते. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीच चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघाले आणि बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. पॅरिसच्या मुलांसाठी केलेले प्रश्न इकडच्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणजे ज्याला प्रश्नाची ओळख नाही त्याचा गुण कमी भरतो, आणि त्या कमीपणाचा बुद्धीशी संबंध नसतो. घरी आपल्याला हीच अनोळख काढायची आहे. तेवढे काम आईबापांना जमते, त्याला वर्ग लावावा लागत नाही आणि फार वेळही लागत नाही.

आकृत्यांच्या प्रश्नांसाठी गाइड उघडण्याआधी एक चौकोनी कागद, पंच आणि हातआरसा घ्या. कागदाची घडी मुलाला स्वतः घालू द्या, भोक पाडू द्या, उलगडण्याआधी ‘भोके कुठे येतील?’ विचारा, मग उलगडून बघू द्या. आरशासमोर आधी इंग्रजी अक्षरे धरा, मग मराठी. ‘ट’ आरशात कसा दिसतो आणि ‘ठ’ कसा, हे पाहताना मुले हसतात, आणि हसताना शिकलेले टिकते. हाताने पुरेशा वेळा करून झाल्यावर तीच गोष्ट मुलाला डोक्यात करता येते. गाइडात उलटा प्रवास असतो: आधी दोनशे आकृत्या, मग युक्त्या, मग त्या युक्त्यांचे पाठांतर. असे मूल ओळखीच्या आकृत्यांत पटपट जाते आणि एक अनोळखी आकृती आली की अडते. या पुस्तकात पहिली तीस पाने कागद कापण्याची आहेत, हे मला फार आवडले.

अंकगणित आणि वाचन यांना मात्र युक्ती नाही. भाषेच्या भागात उतारे असतात आणि त्यांवर प्रश्न. रोज एक पान मोठ्याने वाचणारे मूल तिथे कमी पडत नाही. मराठीतून बसणाऱ्यांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे, ते १९७१ पासून, म्हणजे योगायोगाने सर्वेलच्याच वर्षापासून, निघते आहे. उतारा वाचून झाला की पुस्तक मिटायचे आणि काय वाचले ते सांगायला लावायचे. हा शेवटचा भाग आपण गाळतो. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे. घरात आपण नेमके पाच मिनिटांनी विचारतो, मूल घडाघडा सांगते, आणि आपले समाधान होते.

पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या, पण रोज नाही. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घ्या आणि गोल काळे करायला बॉलपेनच द्या. आणि मग गुण मोजायच्या आधी चुका वेगळ्या करा. येत नव्हते म्हणून चुकले, प्रश्न घाईत वाचला म्हणून चुकले, उत्तर बरोबर काढून शेजारचा गोल काळा केला, की वेळ संपला? या चार चुकांवर चार वेगळे उपाय आहेत आणि ‘नीट लक्ष दे’ हे त्यांतल्या एकावरही उत्तर नाही. शेजारचा गोल काळा करणाऱ्या मुलाला दहा-दहा उत्तरांनंतर थांबून क्रमांक ताडून पाहायला शिकवावे लागते. वेळ संपणाऱ्याला अडलेला प्रश्न सोडून पुढे जायला शिकवावे लागते, आणि हुशार मुलांना तेच सर्वांत जड जाते, कारण प्रश्न अर्धा सोडणे त्यांना हरल्यासारखे वाटते. नवोदयच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा शेवटची पाच मिनिटे उरली की एकही गोल कोरा ठेवायचा नाही. हे मुलाला एकदा स्पष्ट सांगावे लागते. प्रामाणिक मुले येत नसेल तर कोरे सोडून येतात.

दडपणाबद्दल या शहरात गप्प बसून चालणार नाही. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणाच्या इंटरमीडिएटचे निकाल लागले, त्यांत गंभीर चुका निघाल्या, एका मुलीला तेलुगूत शून्य दाखवले होते आणि फेरतपासणीत तिचे नव्व्याण्णव गुण निघाले. त्या निकालानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. ती मुले सतरा-अठराची होती, आपली दहाची आहेत, पण गुण म्हणजेच आपण, ही समजूत सतराव्या वर्षी एकाएकी येत नाही. ती चौथी-पाचवीच्या जेवणाच्या ताटावर तयार होते. मूल पोटात दुखते म्हणू लागले, झोपेत दचकू लागले, आवडीचा खेळ सोडू लागले तर परीक्षा बाजूला ठेवून डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. साध्या धाकधुकीला साधे उपाय पुरतात. शिकागोतल्या रमिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले की पेपरच्या आधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या, एरवी घाबरणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात. आपल्या मुलांना लिहायचा कंटाळा असेल तर बोलू द्या. फक्त मध्येच ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणू नका.

अशा वेळी आपल्याकडे नरहर कुरुंदकरांचे उदाहरण हमखास निघते. हैदराबादला मामांकडे, डॉ. नांदापूरकरांकडे राहून शिकत असताना ते इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले, आणि पुढे मराठवाड्याने त्यांच्याइतका व्यासंगी माणूस क्वचितच पाहिला. गोष्ट खरी आहे. पण नापास झालेल्या मुलाला ती सांगण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण तिचा अर्थ तो असा घेतो की आता आपल्याला कुरुंदकर व्हावे लागणार. एका ओझ्याच्या जागी दुसरे. त्या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते मामांचे घर. मुलाच्या वाचनाला आणि वादाला त्या घरात जागा होती, ती निकालावर अवलंबून नव्हती.

आता माझा मतभेद. पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात पाचवीच्या मुलाचे पहाटे पाचपासूनचे वेळापत्रक दिले आहे. शाळा, शाळेतला जादा तास, स्कूलबसचा तासाभराचा प्रवास आणि त्यावर हे. लेखिकांना मी ते काढायला सांगितले. त्या म्हणाल्या, आईबापच मागतात, वेळापत्रक नसेल तर पुस्तक अपुरे वाटते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी वाचकांना माझी विनंती आहे की त्या तक्त्यातला झोपेचा रकाना आधी भरावा, मग खेळाचा, आणि उरलेल्यात अभ्यास बसवावा. चौथी-पाचवीच्या वयात ताज्या डोक्याने केलेली चाळीस मिनिटे पेंगत काढलेल्या तीन तासांपेक्षा जास्त कामाची, हे कोणत्याही शिक्षिकेला विचारा. पुस्तकाच्या लेखिकांनाही विचारा.

पुढच्या आवृत्तीत एका प्रकरणाची भर पडावी, ती निवड न झालेल्या मुलांसाठी. नवोदयच्या एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ऐंशी जागा असतात; परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेकांचे नाव यादीत नसणार, हे बसण्याआधीच ठरलेले असते. त्या मुलांनी केलेली तयारी वाया जात नाही, पण ती कुठे लागू पडते हे कोणी सांगत नाही. सरकारी, स्थानिक संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांना आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. तिथेही मानसिक क्षमतेचे नव्वद प्रश्न आणि विषयांचे नव्वद, प्रत्येकी नव्वद मिनिटे. सातवीत पंचावन्न टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, या अटी. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये, म्हणजे चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना ती मिळत नाही, म्हणून सातवीत शाळा बदलण्याचा विचार करणाऱ्या घरांनी हेही गणितात धरावे. आणि शिष्यवृत्ती लागल्यावर दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी मुलाच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले लागते. परीक्षा पास झालेल्या मुलांचे पैसे दुसऱ्या वर्षी थांबतात ते बऱ्याचदा या अर्जापायी. शाळेच्या कार्यालयात जाऊन शेवटची तारीख विचारणे हे आईबापांचे काम आहे, आणि त्याला मुलाची एक मिनिटाचीही तयारी लागत नाही.